रस्त्यावरची मोठी मांजरी घरात घेतलीय, कपाटामागून बाहेरच येईना (सांगली)

निशिगंध_सांगली:
नमस्कार मंडळी. आम्ही गावभागात राहतो, जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. खाली जिन्याजवळ गाड्या लावतो तिथं एक तिरंगी मांजरी बरेच महिने येत होती, मी भात-मासा ठेवायचे आणि मी वर गेले की मगच ती खायची. मागच्या आठवड्यात पाऊस काही थांबेना, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांच्या पुढं गेलं आणि आमच्या बोळात सगळ्यांची खालचं सामान वर न्यायची गडबड सुरू झाली, त्यात ही बया स्कूटरच्या सीटवर अंग चोरून बसलेली, चिंब भिजलेली, एका डोळ्याला चिपडं. मुलानं तिच्यावर भाजीची क्रेट उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि तशीच वर आणली. ओरडली भरपूर पण चावली नाही.

आता पाणी उतरलंय पण तिला परत खाली सोडायला जीव होत नाही. आणल्यापासून ती हॉलमधल्या लोखंडी कपाटामागं जाऊन बसलीय. दिवसभर हलत नाही, रात्री आम्ही झोपलो की वाटी रिकामी होते. पहाटे दाराशी जाऊन असा काही टाहो फोडते की अख्खी बोळ जागी होते. शी एकदा दिवाणामागं केली आणि एकदा तुळशीच्या कुंडीत. सासूबाई म्हणतात रस्त्यावरचं जनावर घरात रमत नसतं, आणि नणंद दिवाळीनंतर बाळंतपणाला येणार आहे तर मांजर नकोच. त्यांची काळजी खरी आहे, मला ती उडवून लावायची नाहीये. कुणी अशी मोठी मांजरी घरात रुळवलीय का? पिल्लांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं, मोठीचं काय करायचं ते कुठं सापडत नाही.

कासरोड:
ताई, मोठी मांजरं रुळतात, नक्की रुळतात. माझ्याकडं साताऱ्यात सध्या ज्या आहेत त्या सगळ्या रस्त्यावरच्याच आहेत आणि एकही पिल्लू असताना आलेली नाही.

पहिलं काम म्हणजे तिला हॉल देऊ नका. आपल्याला वाटतं मोकळं फिरू दे, पण ज्या जनावराला घराचा वासच माहीत नाही त्याला एवढी मोठी जागा म्हणजे चारी बाजूंनी भीती. एक छोटी खोली द्या, ती नसेल तर कोठीची खोली किंवा वापरात नसलेली न्हाणी. आत एक खोकं आडवं ठेवा, एका बाजूनं उघडं, त्यात घरातलं वापरलेलं सुती कापड घाला, धुतलेलं नको, तुमच्या अंगाचा वास असलेलं. एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, आणि शीचं घमेलं एकदम समोरच्या कोपऱ्यात. जिथं खातात तिथंच शी करायला मांजरांना आवडत नाही, दोन्ही शेजारी ठेवलं की ती तिसरी जागा शोधते आणि ती जागा म्हणजे तुमचा दिवाण.

आणि मग तिला एकटं सोडा. कपाटामागून ओढून काढू नका, टॉर्च मारून बघू नका, पाहुण्यांना दाखवायला नेऊ नका. ती लपलीय म्हणजे बिघडलं असं नाही, लपायला मिळालं की मांजर लवकर शांत होतं. रात्री वाटी रिकामी होतेय ही लई चांगली गोष्ट आहे.

वाळव्याचा_काका:
आमच्याकडं गावाला मांजरं कुणी आणत नाही, ती आपली आपण येतात. कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, हे खरं आहे, एकदा घर धरलं की जात नाही. थोडं दूध-चपाती कुस्करून ठेवत जा, दुधाला कुठलंबी मांजर भुलतं. आणि जिथं घाण केलीय तिथं फिनेल मारा म्हणजे परत जाणार नाही.

पशुवैद्य_मिरज:
काकांच्या घराला धरून असण्याच्या मुद्द्याशी सहमत, पण दूध आणि फिनेल दोन्ही नको.

दूध: मोठ्या मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस फार कमी उरतो. आवडीनं पितात आणि मग जुलाब होतात, आणि नव्या घरात आलेल्या, आधीच घाबरलेल्या मांजरीला जुलाब लागले की घमेल्याची सवय लावणं आणखी अवघड. साधं पाणी द्या.

फिनेल: हे जरा नीट वाचा सगळ्यांनी, कारण आपल्याकडं घराघरात फिनेलनं फरशी पुसतात. मांजराच्या लिव्हरला काही रसायनं शरीराबाहेर टाकायची जी एक प्रक्रिया लागते ती फारच कमजोर असते. फिनॉल असलेलं कुठलंही जंतुनाशक पायाला लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. याच कारणानं पॅरासिटामॉलही चालत नाही, माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. ताप वाटला म्हणून पाव गोळी सुद्धा द्यायची नाही. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध असतं, त्यात परमेथ्रिन असेल तर तेही मांजराला घातक, झटके येतात. पिसवा असतील तर मांजरासाठीचंच औषध वजन करून घ्या.

घाण केलेली जागा आधी साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, वास गेला पाहिजे. वास राहिला की ती तिथंच परत जाणार, वर कितीही सुगंधी काही मारलं तरी.

आता निशिगंधताई, एक महत्त्वाचा प्रश्न. तिच्या पोटाखाली बघता आलं का? स्तन गुलाबी, फुगलेले आणि भोवतीचे केस गेलेले असतील तर तिची पिल्लं कुठंतरी आहेत आणि ती दाराशी त्यांच्यासाठी ओरडतेय. तसं असेल तर बाकी सगळं सोडून आधी पिल्लं शोधा. तसं नसेल आणि ओरडताना पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करत असेल, जमिनीवर लोळत असेल, तर माजावर आलीय.

माऊची_आई:
तिरंगी म्हणजे मांजरीच असणार, बोका क्वचितच निघतो. काळा आणि भगवा रंग ठरवणारं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स लागतात. डॉक्टरांनी पिल्लांचं विचारलं ते फार बरं केलं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

निशिगंध_सांगली:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिला कोठीच्या खोलीत हलवलं. ओढलं नाही, कपाटापासून कोठीच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी पुठ्ठे उभे केले, आतला दिवा बंद ठेवला आणि कोठीत सुकटीची वाटी ठेवून आम्ही सगळे स्वयंपाकघरात जाऊन बसलो. अर्ध्या तासात वाटीचा आवाज आला.

पोटाखालचं आज सकाळी दिसलं. खोक्यात आडवी पडली होती, मी दाराच्या फटीतून बघितलं, स्तन एकदम बारीक आहेत, केस जागेवर. तरी मुलानं बोळात, खालच्या जिन्यामागं आणि शेजारच्या बंद घराच्या वळचणीला सगळीकडं बघितलं, काही नाही. डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच करते, लोळते आणि मागचा भाग वर करते. म्हणजे माजावरच. कानाचं टोक पण शाबूत आहे, ऑपरेशन झालेल्यांचं कापलेलं असतं ना?

घमेल्यात काय घालू? दुकानातली मांजराची वाळू महाग पडतेय.

कासरोड:
हो, नसबंदी झालेल्या भटक्या मांजरांचं कानाचं टोक सरळ कापलेलं असतं.

दुकानातली वाळू नंतर घ्या, आत्ता तिला ओळखीचं काय आहे ते द्या. ती बाहेर माती उकरत होती, तुमच्या कुंडीतही त्यासाठीच गेली. तिच्या रोजच्या जागेची थोडी माती आणा, खाली बांधकामाची चाळलेली वाळू आणि वर ती माती पसरा. दोन-तीन इंच थर पाहिजे, कमी असेल तर तिला उकरता येत नाही. मग रोज थोडी थोडी माती कमी करत वाळू वाढवायची. लाकडाच्या वखारीतला भुसा पण चालतो पण तो जाडा घ्या, बारीक धुळीसारखा असेल तर नाकात जातो आणि घरभर पायाला लागून येतो. घमेलं सकाळ-संध्याकाळ साफ. मांजर स्वच्छतेला आपल्यापेक्षा कडक असतं, काल केलेलं आज तसंच दिसलं तर ती बाहेरच करणार आणि दोष तिचा नसेल.

तुळशीच्या कुंडीत मातीवर नदीतले गोटे पसरून ठेवा, उकरता आलं नाही की सोडून देते. सासूबाईंनाही बरं वाटेल.

पशुवैद्य_मिरज:
पिल्लं नाहीत हे वाचून हायसं वाटलं.

नणंदबाईंबद्दल. सासूबाईंच्या मनात जो आजार आहे त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस, आणि तो पोटातल्या बाळाला खरोखर त्रास देऊ शकतो, त्यामुळं त्यांचं म्हणणं अंधश्रद्धा म्हणून सोडू नका. पण तो पसरतो कसा ते त्यांना समजावून सांगा. मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा थोडे आठवडे त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, नंतर बहुतेक मांजरांत ते थांबतं. पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे घमेलं रोज साफ होत असेल आणि ते गरोदर बाईनं न करता दुसऱ्या कुणी केलं तर मांजराकडून धोका फार थोडा उरतो. केसातून, अंगाला हात लावल्यानं हा आजार येतो असं नाही. उलट कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली कोथिंबीर-पालक आणि उघड्या हातानं कुंडीची माती खुरपणं यातून जास्त येतो, ते मांजर नसलेल्या घरातही सांभाळायलाच लागतं. नणंदबाई त्यांच्या डॉक्टरांना रक्त तपासणीबद्दल विचारू शकतात.

मांजर पिंजऱ्यात बसायला लागली की दवाखान्यात आणा. डोळा बघू, जंताचं औषध देऊ, लसीकरण चालू करू. मोठ्या मांजरीला तीन आजारांची एकत्र लस दोनदा, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं, आणि रेबीजची वेगळी, ती मग दर वर्षी. आणि तोवर कुणाला बोचकारलं किंवा चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन इंजेक्शन चालू करायचं. हळद-चुना काही लावत बसायचं नाही. घरचीच आहे, काही होत नाही असं म्हणून थांबायचं नाही.

हरिपूररोड:
पिंजऱ्यावरून सांगतो. निशिगंधताई, तुम्ही गावभागात आहात म्हणजे हे आज ना उद्या लागणारच. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या शेजारच्यांना होडीतून निघायला लागलं, आणि ऐन वेळी त्यांची मांजर सापडलीच नाही. माळ्यावर कुठं दडली होती कुणास ठाऊक. काकू होडीत बसून हाका मारत होत्या, होडीवाले तरी किती थांबणार. पाणी उतरल्यावर माळ्यावरच जिवंत मिळाली, नुसता सापळा झाला होता. ते दिवस त्या काकूंनी कसे काढले ते आम्ही बघितलंय.

म्हणून पिंजरा कपाटावर ठेवायचा नाही, तिच्या खोलीत कायम उघडा ठेवायचा. दार काढून टाकलं तर उत्तम. आत तेच जुनं कापड, खाणं पण मधूनमधून आतच. तिला ती झोपायची जागा वाटली पाहिजे. मग एक दिवस दार लावायचं, एखादा मिनिट, परत उघडायचं आणि खाऊ द्यायचा. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, आमच्याकडं ४० चा निरोप आला की मांजरी त्याच क्षणी एका खोलीत बंद, मग बाकीचं सामान.

माऊची_आई:
जवळीक कशी करायची ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रोज ठरलेल्या वेळी तिच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं, खुर्चीवर नाही. तिच्याकडं तोंड करून बसायचं नाही, बाजू करून बसायचं आणि आपलं काहीतरी करायचं, भाजी निवडा, पेपर मोठ्यानं वाचा, पोथी वाचा, आवाज एका लयीत पाहिजे. सासूबाई रोज हरिपाठ म्हणत असतील तर तिथंच बसून म्हणू दे, खरंच सांगते. नजर भिडली तर रोखून बघायचं नाही, डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. ती पण तसं करायला लागली की समजा पहिली गाठ सुटली.

हात पुढं करायचा तो वरून डोक्यावर नाही, खालून, एक बोट तिच्या नाकाच्या उंचीला धरायचं आणि थांबायचं. वास घेऊन तिनं गाल घासला तर गालाला आणि हनुवटीखाली हळूच खाजवायचं. पोटाला आणि शेपटीच्या बुडाला हात नको. शेपूट फटाफट आपटायला लागली, कान मागं गेले की लगेच हात मागं.

खेळायला काठीला कोंबडीचं पीस बांधा. खेळून झालं की काठी दोऱ्यासकट कपाटात ठेवायची, विसरायचं नाही. दोरा, सुतळी, रबर बँड गिळलं तर आतडं कापलं जातं.

शाहूपुरीकर:
सगळं वाचलं, छान माहिती. पण मला एक पटत नाही, आयुष्यभर बाहेर फिरलेल्या जनावराला चार भिंतीत कोंडणं म्हणजे तिच्यावर अन्यायच ना. आमचे वाड्यातले बोके दिवसभर बाहेर असतात, जेवायला येतात, झकास चाललंय.

कासरोड:
दादा, तुमचा वाडा आतल्या बोळात असेल आणि कुत्री नसतील तर चालत असेल. पण पोवई नाक्याच्या आसपास मी जेवढी मांजरं उचललीत ती सगळी गाडीखालीच सापडलेली. शिवाय बोक्यांची मारामारी होते तेव्हा चावण्यातून मांजरांचा एड्ससारखा आजार पसरतो, त्यावर औषध नाही. आणि ही मांजरी माजावर आहे, आज सोडली तर नऊ आठवड्यांनी कुणाच्या तरी जिन्याखाली पाच पिल्लं.

कोंडणं नको हे मात्र मलाही मान्य. घर तिच्यासाठी उभं करायला लागतं, आडवं नाही. मांजराला उंची पाहिजे, कपाटाचा माथा रिकामा करून त्यावर गोणपाट टाका, खिडकीत बसायला फळी ठोका. खिडकीला मच्छरजाळी पुरत नाही, नखानं फाटते, लोखंडी जाळी मारून घ्या. आणि पहाटेच्या ओरडण्याला उपाय हाच, रात्री झोपायच्या आधी दमेपर्यंत खेळवायचं आणि लगेच पोटभर खायला घालायचं. पहाटे उठून दार उघडलंत किंवा खाऊ दिलात तर तिला कळतं की ओरडलं की काम होतं.

पशुवैद्य_मिरज:
माजाचं ओरडणं खेळवून थांबणार नाही, त्याला ऑपरेशनच. आपल्याकडं दिवस मोठे असल्यानं मांजरी वर्षातला बराच काळ दर दोन-तीन आठवड्यांनी परत माजावर येत राहतात. हा माज ओसरू दे, मग करू.

खाण्यात नुसता भात-मासा फार दिवस चालवू नका. मांजर मांसाहारीच प्राणी आहे, टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय जातं. नुसतं उकडलेलं चिकन दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. एक वेळ मांजराचं तयार खाणं, एक वेळ घरचं बिनमिठाचं चिकन किंवा मासा, थोडी कलेजी-वजडी. रश्श्यातलं नको, कांदा-लसणानं मांजराचं रक्त कमी होतं.

कराडची_पोर:
माझ्याकडं पण अशीच एक आलीय, पण ती दोन दिवस झाले काहीच खात नाहीये, नुसती बसलीय. लपलीय म्हणून सोडून देऊ का?

पशुवैद्य_मिरज:
नाही. लपणं वेगळं आणि न खाणं वेगळं. दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या लिव्हरवर चरबी चढायला लागते, अंगानं भरलेली असेल तर जास्तच. आजच जवळच्या दवाखान्यात न्या. आणि बोका असेल, घमेल्यात जाऊन कण्हत असेल आणि लघवी होत नसेल तर उद्याची सुद्धा वाट बघू नका.

कासरोड:
कराडला काही सोय झाली नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खंबाटकी उतरलं की पुढं हायवेलाच, पण आधी गावातल्या डॉक्टरांना फोन कर.

कराडची_पोर:
नेलं. ताप होता आणि तोंडात फोड होते. सलाईन दिलं, गरम करून वास येईल असं पातळ खाणं द्यायला सांगितलंय. संध्याकाळी बोटावरचं चाटलं तिनं!!

निशिगंध_सांगली:
कराडची पोरी, वाचून फार बरं वाटलं गं, कळवत राहा.

आमच्याकडचं सांगायचं राहिलं होतं. डोळा थेंबांनी साफ झाला, पहिली लस झाली आणि परवा ऑपरेशन झालं. पिंजऱ्यात स्वतःहून बसली, हरिपूररोड तुमच्यामुळं. घमेलं पहिल्या दिवसापासून वापरतेय, माती आता जवळजवळ काढून टाकलीय. सासूबाई कोठीत बसून हरिपाठ म्हणतात, आधी तांदूळ निवडायच्या निमित्तानं जायच्या, आता निमित्त लागत नाही. नणंदेला मी डॉक्टरांचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, ती म्हणाली घमेलं दादा काढणार असेल तर माझी हरकत नाही, आणि दादानं मान्य केलंय. माझ्या हाताला अजून फक्त गाल लावते, मांडीवर येत नाही, पण मला घाई नाही.

एकच विचारायचंय, टाके चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर ती सारखी काढायला बघते आणि कॉलरमुळं वाटीत तोंड जात नाही. काढू का?

पशुवैद्य_मिरज:
पूर्ण काढू नका. खायच्या वेळी समोर बसून काढा, खाऊन झालं की परत घाला. वाटीऐवजी पसरट ताटली वापरा. कॉलर अगदीच सोसत नसेल तर जुन्या बनियनची बाही कापून चार पायांना भोकं पाडून अंगात घालता येते. १० ते १४ दिवसांनी टाके बघायला आणा, तोवर कपाटावर उड्या मारू देऊ नका आणि टाक्यांना सूज, पाणी किंवा वास आला तर त्याच दिवशी या.